मिसेस वॉर्डनचं पुस्तक

अमेरिकेतल्या ट्रॉयच्या त्या घराची आठवण काढली की मला आधी ऐकू येतो तो बेसमेंटमधला आवाज. आई कपडे झटकायची. मशीनमध्ये टाकण्याआधी प्रत्येक कपडा खांद्यांशी दोन्ही हातांनी धरून ती असा काही झटकायची, की फट् असा आवाज जिन्यावरून वर स्वयंपाकघरापर्यंत यायचा. वर्ध्याला तिच्या माहेरी धुणं असंच व्हायचं, आधी झटकायचं, मग भिजवायचं. मशीनवर तिचा विश्वास नव्हता. "ते नुसतं पाणी फिरवतं," ती म्हणायची, "धूळ आपल्यालाच काढा लागते." शनिवारी सकाळी मी वर टेबलाशी अभ्यास करत बसलेली असायचे, खाली घर गरम ठेवणारी भट्टी घरघरत असायची, आणि अधूनमधून फट्, फट्. पहिला नंबर नेहमी बाबांच्या कामावरच्या कोटाचा असायचा. जाड करड्या कापडाचा, गुडघ्यापर्यंत लांब. त्याच्या शिवणींत पिठासारखी बारीक धूळ बसलेली असायची, आणि आई तो सात-आठ वेळा तरी झटकायची.

तेव्हा आमच्या भागात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आता ट्रॉयमध्ये दुकानात शिरलं तर मागून कोणीतरी "यार, धनिया कुठे ठेवलाय?" असं विचारतं आणि मला मान वळवून बघायचीही गरज वाटत नाही. तेव्हा कोथिंबीर मिळाली की बायका फोन करून एकमेकींना कळवायच्या. श्रीखंड सावर क्रीमचं, चिवडा नाश्त्याच्या सीरिअलचा. आईचा गोळाभात मात्र अस्सल होता. डाळ भिजवून, भरड वाटून, वळलेले गोळे भातावर ठेवून वाफवायचे आणि वर हिंग-मोहरीची कढत फोडणी. बाबा प्लान्टमधून यायचे, तो कोट गराजमधून आत येणाऱ्या दाराच्या खुंटीवर अडकवायचे, आणि पहिला घास घेऊन म्हणायचे, "झालं. आता मी भारतात."

बाबा गाड्यांची ब्रेक लायनिंग, म्हणजे ब्रेकच्या आतल्या घासपट्ट्या, बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात इंजिनिअर होते. नोकरी सबनीस काकांनी मिळवून दिली होती. काका तिथे मॅनेजर. बाबांच्या कॉलेजात चार वर्षं पुढे होते. आम्ही आलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते, पहिले दोन महिने आम्ही त्यांच्याच घरी राहिलो, मला थंडीचे पहिले बूट सबनीस काकूंनी घेतले. आमच्या घरात देवानंतर त्यांचंच नाव असायचं. बाबांचं काम मालाची तपासणी आणि दर तीन महिन्यांनी कारखान्याच्या हवेची. हवेत ॲस्बेस्टॉसची धूळ किती आहे याचे नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेतून मोजणी आली की रिपोर्टवर सही करायची. हे मला तेव्हा इतपतच ठाऊक होतं, की बाबांच्या सहीशिवाय काहीतरी महत्त्वाचं पुढे जात नाही, आणि त्याचा मला अभिमान होता.

मी सोळा वर्षांची होते. शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाईंनी एक मोठा निबंध लिहायला दिला. ज्यांच्या लिहिण्यामुळे या देशातली माणसं वेगळी जगायला लागली अशा अमेरिकन लेखकांची त्यांनी यादी केली होती, आणि प्रत्येकानं त्यातला एक निवडायचा होता. त्या दिवशी मी तापानं घरी होते. परत गेले तोवर गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे, नद्या-पाखरांसाठी लिहिणारे, ज्यांची चित्रं वर्गाच्या भिंतीवर होती असे सगळे वाटले गेले होते. तळाशी एकच नाव उरलं होतं. एल्सी वॉर्डन. बाई म्हणाल्या, "हिचं एकच पुस्तक आहे. पण कमी समजू नकोस. आणि ती अजून आहे, ॲन आर्बरमध्ये राहते."

पुस्तकाचं नाव 'मंडे वॉश'. सोमवारचं धुणं. मला ते स्वयंपाकपाण्याचं वाटलं, आणि मी हिरमुसून घरी आले. मिसेस वॉर्डन स्वतः एका कारखान्याच्या गावातली गृहिणी होती. नवरा पाइपांवर गुंडाळायचं ॲस्बेस्टॉसचं आवरण बनवणाऱ्या गिरणीत. तो धापा टाकून टाकून गेला. त्यानंतर तिच्या लक्षात आलं, की गल्लीतल्या बायकाही खोकतायत, ज्यांनी गिरणीत कधी पाऊल टाकलं नव्हतं त्याही. ती एकेकीकडे गेली. स्वयंपाकघरात बसून त्यांना एकच विचारायची, सोमवारी धुणं कसं करता ते सांगा. त्या बायकांनी जे सांगितलं ते तिनं त्यांच्याच शब्दांत लिहून काढलं. पुस्तकात ओरडा नव्हता, आरोप नव्हते. पण ते वाचून लोक हादरले होते. त्यानंतर कितीतरी कारखान्यांत अंघोळीच्या जागा आल्या, कामगारांना दोन-दोन कपाटं मिळाली, एक घरच्या कपड्यांसाठी आणि एक कामाच्या, आणि कामाचे कपडे तिथेच धुतले जायला लागले.

मी ते शनिवारी सकाळी वाचत होते. एका बाईनं सांगितलं होतं, की नवऱ्याचे कपडे मी आधी मागच्या दारात नेऊन झटकते, मग टबात टाकते, थंडी असली तर घरातच झटकते. ते वाचत असताना खालून आवाज आला. फट्. मी पुढची ओळ वाचायला गेले. पुन्हा आला. मला अजून आठवतं, की मी उठले नाही. जिना बारा पायऱ्यांचा होता आणि मला उतरता आला नाही. मी तिथेच बसून ते आवाज मोजत राहिले, आणि मनात म्हणत राहिले, की बाबांचा कारखाना नवा आहे, बाबा स्वतः हवा तपासतात, बाबांची सही असते.

कोणालाही न सांगता मी मिसेस वॉर्डनला पत्र लिहिलं. शाळेच्या निबंधासाठी म्हणून चार प्रश्न विचारले, आणि शेवटी, सहज म्हणून, लिहिलं की माझे वडीलही अशाच एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. आठवड्याभरात उत्तर आलं. माझ्या चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. वाकड्या, थरथरत्या अक्षरात एवढंच होतं, की तुमच्या घरी धुणं कोण करतं, आणि तिला घेऊन येशील का.

आईनं नुकतंच ड्रायव्हिंग लायसन्स काढलं होतं. फ्रीवेवर ती कधी गेली नव्हती. मी तिला म्हटलं, शाळेच्या कामासाठी एका लेखिकेला भेटायचंय, बाबांना शनिवारी प्लान्टमध्ये जायचंय, तूच चल. ती म्हणाली, "लेखक म्हणजे रिकाम्या हातानं कसं जायचं." तिनं रव्याचे लाडू केले. तासाभराचा रस्ता आम्ही दोन तासांत गेलो. उजव्या लेनमधून, मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत, आणि आई सगळा वेळ रामरक्षा म्हणत.

ॲन आर्बरमधली ती गल्ली विद्यार्थ्यांची होती. पायऱ्यांच्या कठड्यांना सायकली बांधलेल्या, त्यांच्या सीटवर बर्फाचे ढीग. मी हल्ली त्याच गावात राहते. माझी बस त्या गल्लीच्या तोंडावरून जाते, आणि तिथे आता कॉफीचं दुकान आहे. मिसेस वॉर्डन तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होती. लहानखुरी, पांढरे केस मुलासारखे कापलेले, नाकात ऑक्सिजनची नळी. नळी इतकी लांब होती की ती स्वतःच उठून चहा करू शकली. तिनं लाडू चाखला, आईकडे बघून मान डोलावली, आणि मग मला म्हणाली, "तुझ्या आईला विचार, ती नवऱ्याचे कपडे कशी धुते. नाही, सांगायला नको. करून दाखवायला सांग."

तिनं स्वयंपाकघरातला एक टॉवेल आईच्या हातात दिला. आईला गंमत वाटली. ती उभी राहिली, पदर खोचला, टॉवेल दोन्ही हातांनी खांद्याएवढा उंच धरला आणि झटकला. फट्. तिचा चेहरा टॉवेलच्या अगदी समोर होता. कितीतरी दिवसांत मी आईला कपडे झटकताना पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. मिसेस वॉर्डननं डोळे मिटले. "बास," ती म्हणाली. "एकदा पुरे."

मग ती बोलायला लागली, हळू, श्वासासाठी थांबत थांबत, आणि मला म्हणाली, सांग तिला. आईला इंग्रजी दुकानापुरतं यायचं. म्हणजे तिला जे कळायला हवं होतं ते मलाच मराठीत सांगावं लागणार होतं. ती धूळ छातीत जाऊन बसते, निघत नाही, वीस वर्षांनी, तीस वर्षांनी कळतं. मी अर्धं गाळलं. आई माझ्याकडे बघत होती. तिनं इंग्रजी वाक्यं मोजली असावीत, कारण ती म्हणाली, "वसू, त्या इतकं बोलल्या आन् तू इतकंच काहून सांगून राह्यली?" घाबरली की आईच्या तोंडून वऱ्हाडी निघायचं. मग मी सगळं सांगितलं. तिनं टॉवेलची घडी घातली, तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, "वसू खाली यायची माझ्याजवळ. आम्ही इथं नवीन आलो होतो तेव्हा. तिचं काय?" हे मी इंग्रजीत सांगितलं नाही. मिसेस वॉर्डनला ते समजलं असावं. तिनं आईचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

परतताना आईनं रामरक्षा म्हटली नाही. घरी आल्यावर तिनं बाबांचा कोट खुंटीवरून दोन बोटांनी उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली आणि गराजच्या कोपऱ्यात ठेवून दिली. मग अंघोळ केली आणि कुकर लावला.

बाबांना जेवताना कळलं. आधी ते हसले. मग म्हणाले, "अगं, ते जुन्या गिरण्यांचं आहे. आमच्याकडे लिमिटच्या खाली आहे सगळं. म्हणून तर तिथे शॉवरसुद्धा लागत नाहीत."

"लिमिट कोण पाहतं?" आईनं विचारलं.

"कोण म्हणजे? रिपोर्ट असतो."

"रिपोर्ट कोण लिहितं?"

बाबांनी ताटातला घास कालवला, पण उचलला नाही. "मी," ते म्हणाले.

पुढचे काही दिवस घरात कोणी आवाज चढवला नाही, पण पूर्वीसारखं बोललंही नाही. आई स्वयंपाक करत होती, बाबांच्या शर्टांना इस्त्री करत होती, पण कोटाच्या पिशवीला तिनं हात लावला नाही. बाबांनी दुसरा कोट आणला, आठवड्यानं त्याचीही पिशवी पहिलीच्या शेजारी जाऊन बसली. बेसमेंटमधून आवाज येणं बंद झालं होतं. एका संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "ते तुझं पुस्तक देतेस?"

ते त्यांनी रोज जेवणानंतर टेबलाशी बसून वाचलं, हातात पेन्सिल घेऊन, जसे ते मशीनचं मॅन्युअल वाचायचे. मला वाटलं होतं ते चुका शोधतायत. कदाचित सुरुवातीला शोधतही असतील. पाचव्या-सहाव्या दिवशी ते पुस्तक मिटून बसले होते. मी पाणी प्यायला गेले तर म्हणाले, "वसू, बस जरा." आणि मग, वडील मुलीला सांगत नाहीत अशा पद्धतीनं, त्यांनी मला सांगितलं. नमुने घ्यायच्या दिवशी, लायनिंग घासून गुळगुळीत करणाऱ्या ग्राइंडिंगच्या सहा मशीनपैकी दोनच चालवतात. आदल्या दिवशी जमीन ओली करून पुसून घेतात. तारीख आधी ठरलेली असते. आकडे खरेच असतात, त्या दिवसाचे. "मी खोटा आकडा कधीच लिहिला नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "चार वर्षं मी हेच स्वतःला सांगतोय."

मी विचारलं, "सबनीस काकांना माहीत आहे?"

"मला हे त्यांनीच शिकवलं," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. बूट कुणी घेतले असं विचारल्यावर सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

नंतरच्या एका साध्या मंगळवारी, कोणाला न सांगता, सहाही मशीन चालू असताना बाबांनी नमुने घेतले. हवा ओढणारे छोटे पंप त्यांनी कामगारांच्या कॉलरला लावले आणि दिवसभर त्यांच्यासोबत उभे राहिले. आकडे आले ते लिमिटच्या कितीतरी वर. बाबांनी नेहमीसारखा रिपोर्ट टाइप केला, सही केली, एक प्रत काकांच्या टेबलावर ठेवली आणि दुसरी राज्याच्या कामगार खात्याला, राजधानीत लान्सिंगला, पोस्टानं पाठवली. पत्र टाकायला आम्ही दोघं गेलो होतो. पेटीचं झाकण बर्फानं घट्ट बसलं होतं. बाबांनी ते मुठीनं ठोकून उघडलं.

रविवारी दुपारी सबनीस काका आले. काकू सोबत नव्हत्या. आईनं चहा ठेवला, त्यांनी घेतला नाही. कोटही काढला नाही.

"अरे विनायक, मला आधी बोलला असतास," ते म्हणाले.

"बोललो असतो तर पाठवू शकलो नसतो."

"मी काय राक्षस आहे का रे? वरच्यांना समजावून पुढच्या वर्षी काहीतरी केलं असतं. आता सरकारी माणसं येऊन ग्राइंडिंगची लाइन बंद करतील. माणसं घरी बसतील. ख्रिसमसच्या तोंडावर. ते तुझ्या सहीनं होईल, कळतंय का तुला?"

बाबा म्हणाले, "याआधी जे होत होतं तेही माझ्याच सहीनं."

काका आईकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी."

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "भाऊजी, काकूंना सांगा, तुमचे कपडे घरी धुऊ नका म्हणावं." काकांनी कोटाची बटणं लावली. मग उठले आणि गेले. त्यानंतर ते आमच्या घरी कधी आले नाहीत. काकूंनी दोन दिवाळ्या कुणाच्या तरी हाती चकलीचा डबा पाठवला, मग तोही थांबला. आजही मला त्या माणसाचा धड राग करता येत नाही. त्यांनी आम्हाला घरात घेतलं होतं. ज्या माणसानं आपल्यासाठी दार उघडलं तो चूक आहे हे कळणं सोपं असतं; ते कळल्यावर त्याच्यासमोर बसणं अवघड.

काका म्हणाले तसंच झालं. राज्याकडून दोन माणसं आली, ग्राइंडिंगची लाइन बंद झाली आणि त्या लाइनवरचे सगळे कामगार घरी पाठवले गेले. बाबांना त्याच आठवड्यात काढलं. रिपोर्टसाठी काढलं असं कोणी म्हटलं नाही. आणि मग फोन यायला लागले. बहुतेक जण काही न बोलता ठेवून द्यायचे. एक बाई मात्र बोलली. फोन मी उचलला होता. तिचं नाव डार्लीन. तिचा नवरा, रे, ग्राइंडिंगवर होता. ती शिव्या देत नव्हती. सपाट, थकलेल्या आवाजात तिनं विचारलं, की तुझ्या वडिलांचं माझ्या नवऱ्यानं काय बिघडवलं होतं. तिनं आपला पत्ता सांगितला, जणू मी लिहून घेणार होते, आणि म्हणाली, त्यांना सांग मी इथे राहते. मी खरंच लिहून घेतला.

बाबांनी तो कागद खिशात ठेवला. दोन दिवसांनी मला म्हणाले, "त्या लेखिकाबाईंना भेटता येईल का मला?" या वेळी गाडी बाबांनी चालवली. मिसेस वॉर्डन आणखी बारीक झाली होती. बाबांनी तिला सगळं सांगितलं, रिपोर्ट, लाइन, घरी बसलेले लोक, तो फोन. त्यांना वाटत असावं ती म्हणेल तुम्ही योग्य केलंत. तिनं तसं काही म्हटलं नाही. मला पलंगाखालची दोन खोकी ओढायला सांगितली. दोन्ही पत्रांनी भरलेली होती. एकात आभाराची पत्रं, दुसऱ्यात रागाची. दुसरं जास्त जड होतं. तुझ्या पुस्तकानं आमची गिरणी बंद पडली. माझा नवरा घरी बसला आणि प्यायला लागला. आमचं गाव आता ओस पडलं. बाबा खुर्चीत पुढे वाकून एकामागून एक पत्रं वाचत राहिले, बाहेर अंधारून येईपर्यंत. मी निबंधाचा विचार करत होते. मी लिहिलं होतं, की या पुस्तकानं समाज सुधारला. ते वाक्य मला तिथे बसल्या बसल्या बदलावंसं वाटायला लागलं, आणि कसं बदलावं ते कळेना.

शेवटी बाबांनी विचारलं, "यांना तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"चांगल्या पत्रांना मी पत्रानं उत्तर दिलं," ती म्हणाली. "ही जी आहेत त्यांच्याकडे मी गेले. बस पकडून. जिथवर फुप्फुसं चालली तिथवर."

डार्लीनचं घर प्लान्टपासून दोन मैलांवर होतं. बाबांनी मला सोबत यायला सांगितलं. इंग्रजीसाठी नव्हे, त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. ते एकटे जाऊ शकत नव्हते एवढंच, आणि त्यांनी ते लपवलं नाही. शनिवारची सकाळ होती. दार तिनंच उघडलं, कडेवर वर्ष-दीड वर्षाची मुलगी, जाळीचं दार मात्र बंदच ठेवलं. मागे सोफ्यावर तिचा नवरा टीव्हीसमोर बसला होता. तो उठला नाही. बाबांनी टोपी काढली. त्यांनी वाटेत पाठ केलेलं वाक्य मला ठाऊक होतं, पण ते त्यांनी म्हटलंच नाही. ते म्हणाले, "हवेच्या रिपोर्टवर सही करणारा मी. चार वर्षं मी चांगल्या दिवशी नमुने घेतले. रोजची हवा तशी नव्हती. मला माहीत होतं. हे मी तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं."

"चार वर्षं," डार्लीन म्हणाली. ती हिशेब करत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिनं कडेवरच्या मुलीकडे पाहिलं. मुलगी तिच्या शर्टाची कॉलर चोखत होती. डार्लीननं ती कॉलर मुलीच्या तोंडातून हळूच सोडवली.

बाबांनी पुस्तक आणलं होतं, पेन्सिलीच्या खुणांचं. त्यांनी ते पुढे केलं. जाळीचं दार इंचभर उघडलं, तिनं पुस्तक घेतलं, आणि आतलं दार लावून घेतलं. आम्ही थोडा वेळ पायरीवर उभे राहिलो. कोणी बाहेर आलं नाही.

माझ्या निबंधाला चांगला शेरा मिळाला. पण मी तो खरं तर पुरा केला नव्हता. शेवटचा परिच्छेद लिहायचा राहिला होता आणि बाईंच्या ते लक्षात आलं नाही. मी पुढे फार्मसिस्ट झाले. आई एक्क्याऐंशी वर्षांची होऊन, हृदयाच्या आजारानं गेली, आणि तोवर तिच्या प्रत्येक खोकल्याला माझे कान उभे राहत. अजून मीही वर्षातून एकदा छातीचा फोटो काढून घेते. हे सगळं मी मराठीत लिहिते आहे, कारण मिसेस वॉर्डन इंग्रजीत बोलली तरी घडलं ते आमच्या घरात मराठीतच घडलं.

बाबांना आठ महिन्यांनी दुसऱ्या राज्यात, शॉमबर्गला नोकरी लागली आणि आम्ही ट्रॉय सोडलं. जाण्याआधी लान्सिंगला त्या कारखान्याची सुनावणी झाली. बाबांना साक्षीला बोलावलं होतं. आई आणि मी मागच्या रांगेत बसलो. बाबांचं बोलून झाल्यावर दार उघडलं आणि डार्लीन आत आली. तिच्यामागे लाइनवरच्या कामगारांच्या बायका, काही पोरांना घेऊन. एकेकीनं पुढे जाऊन सांगितलं, सोमवारी नाही तर शनिवारी, पण धुणं कसं करते ते. डार्लीन सगळ्यात शेवटी बोलली. तिच्या हातात ते पुस्तक होतं, पण तिनं ते उघडलं नाही. तिनं स्वतःचंच सांगितलं. ती लाइन वर्षभरानं पुन्हा सुरू झाली, शॉवर, दोन-दोन कपाटं आणि स्वतःची लाँड्री घेऊन. रे परत कामावर गेला की नाही ते आम्हाला कधी कळलं नाही.

सुनावणी संपल्यावर बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये ती समोरून आली. बाबा थांबले. ती आईपाशी थांबली, आईच्या दंडाला तिनं क्षणभर हात लावला, आणि बाबांच्या शेजारून त्यांच्याकडे न बघता निघून गेली. गाडीत आई म्हणाली, "ती तुमच्याशी बोलली असती तर बरं झालं असतं."

"नाही," बाबा म्हणाले, "तिनं बरोबर केलं." आणि त्यांनी गाडी सुरू केली.